साडेचार

उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याला हवी होती
बेअरिंगची कुरकुर ऐकायची पेटी.
खिशात मावेल अशी, एकाच बॅटरीवर, नऊ व्होल्टच्या.
दुसरीला जागा नव्हती
आणि तिचे पैसेही तो देणार नव्हता.

मी पुस्तकात होतं तसं जोडलं.
पुस्तकात अधिक पंधरा, उणे पंधरा,
मध्ये शून्य, ऐसपैस बसलेलं.
माझ्याकडे उणे नव्हतंच.
स्कोपच्या हिरव्या काचेवर लाट
वर गेली, गोल वळली, उतरली
आणि शून्यावर आपटून सपाट.
हेडफोनात बेअरिंग
भिजलेल्या कागदासारखं फाटत होतं.

इलाही शिकलगार बशीत चहा ओतत होते.
वर न बघता म्हणाले,
"पोरी, त्याला खाली जायला जागाच न्हाई.
भुईवर झोपलेला माणूस
आणि कुठं पडंल?"

मग डब्यातून दोन रेझिस्टर, शंभर-शंभर केचे.
पाच मापून टाकले, तेव्हा हे दोघं जुळले.
एकाचा पाय प्लसला, एकाचा मायनसला,
मधल्या सांध्यावर काटा: साडेचार.
"ही आता भुई."
"पण ही तर मानलेली..."
"मग? चिपला कोण सांगाय जातंय?"

आत येणाऱ्या तारेला एक कपॅसिटर,
बाहेर जाणारीला एक.
चपला उंबऱ्याबाहेर ठेवून माणूस आत यावा
तशी उंची बाहेर राहिली,
थरथर तेवढी आत आली.

सोल्डर निवेपर्यंत मी इकडंतिकडं बघत होते.
टेबल विटांवर चढवलेलं.
स्टूल इतकं उंच, की माझे पाय लोंबकळतात.
भिंतीवर एकोणीस सालच्या पाण्याची तपकिरी रेघ,
कुंभार गल्लीत ती घरोघरी आहे.
या दुकानात तिच्याखाली
सॉकेट नाही, फळी नाही, कॅलेंडरसुद्धा नाही.
सहा महिने मी इथे येते.
आज दिसलं.

लाट आता दोन्हीकडे भरून चालली होती,
पोटासकट.
लेथवाल्यानं कानाला लावून बघितलं,
"गेलं की बेअरिंग," म्हणाला, खूश होऊन,
आणि वीस रुपये कमी दिले.

मी रात्री थांबून जुन्या बॅटऱ्या लावून बघितल्या.
आठावर चार.
सातावर साडेतीन.
बॅटरी उतरते तशी भुईही उतरते,
पण मधोमध.