शंभर बैसा

इथे वाडी म्हणजे कोरडी नदी.
हे कळायला मला एक उन्हाळा लागला.
बरकाच्या मागे, अशाच एका वाडीच्या काठावर
नेमबाजीचा क्लब आहे.
शुक्रवारी संध्याकाळी शेवटची गाडी गेली
की मी झाडू घेऊन उतरतो.

या वाळूत पितळ लवकर निवत नाही.
पहिल्या आठवड्यात बोटं पोळली,
मग जुन्या गंजीचा हातमोजा शिवला.
लहान तोंडाच्या पुंगळ्या एका बादलीत,
मोठ्या तोंडाच्या दुसरीत,
गाडीखाली चेपलेल्या भंगारात.
भंगाराचे पैसे ऑफिसचे.

दादकरीम बलोच, क्लबचा बंदूकदुरुस्त्या,
कंटेनरच्या खोलीत एक जुनं यंत्र घेऊन बसतो.
कुणी इंग्रज देश सोडताना विकून गेला,
दांड्याला दोनदा वेल्डिंग.
परवाना भिंतीवर, चौकटीत,
मुलाच्या निकाहाच्या फोटोशेजारी.
"नवी घेतली तर साडेतीनशे बैसा," तो म्हणतो,
"हीच भरली तर शंभर."
बैसा म्हणजे पैसाच, फक्त जीभ वेगळी.
वहीत तो एकेक मांडतो.
काटा असा नाजूक, की मी जवळ गेलो
की म्हणतो, श्वास तिकडे सोड.
पंखा बंद. एसी बंद. जून महिना.
नाकावरून घाम ओघळू द्यायचा, पुसायचा नाही.

दारूला तो मला हात लावू देत नाही.
माझं काम तोंडं बघणं.
पुंगळी उजेडाकडे धरायची,
काठावरून नख फिरवायचं,
नख अडकलं की तडा.
कुणी पाच वेळा भरून घेते,
कुणी तिसऱ्यालाच फाटते.
"नशीब?" मी विचारलं.
"नशीब कसलं. कुणीतरी घाईत जास्त भरली."

बावाकडे ठासणीची बंदूक होती.
शेतीरक्षणाचा परवाना, म्हसळा पोलीस ठाणे,
डुकरं नि वानरं यांच्यापुरता.
दारू शिंगातून बांबूच्या नळीत मोजायचा,
काथ्या ठासायचा,
शिसं कमी पडलं की फाटक्या जाळ्याची वजनं.
एक बार म्हणजे दीड शेर तांदूळ, आई म्हणायची,
म्हणून बावा बहुतेक रात्री नुसता ओरडायचा.
माचावर बसून डुकरांच्या सात पिढ्या उद्धरायचा,
बंदूक मांडीवर, भरलेली.
सकाळी तशीच भरलेली घरी.

निवडणूक आली की ती ठाण्यात जमा.
गेल्या खेपेला जमा केली
आणि निकालाआधी बावा गेला.
बंदूक अजून तिथेच आहे, नळीला चिठ्ठी बांधून.
वारसाने जातीने हजर राहावे.
वारस इथे तोंडं बघतो.

रुकय्याचा आवाज फोनवर येतो:
काल वरच्या कोपऱ्यातली वरी साफ गेली.
शेजारी फटाके लावतो,
पण आताशा डुकरं फटाक्यांना पाव्हण्यासारखी येतात.

म्हणून रजा टाकली. ठाण्यात मंगळवारची तारीख.
मस्कतच्या विमानतळावर माझी बॅग
पट्ट्यावरून दोनदा मागे फिरली.
कामाच्या पँटीच्या दुमडीतून एक पुंगळी निघाली.
"रिकामी आहे," मी म्हणालो.
तरण्या पोलिसाने तिच्यात एक डोळा घातला,
मग काउंटरवर उपडी केली.
चिमूटभर वाळू.
तिच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला,
जसं काही तिचंही कलम शोधत असावा.

तीन तास, दोन अर्ज,
शेवटी दादकरीमला फोन लावला.
त्याने आधी एवढंच विचारलं, "तडा आहे का?"
नख फिरवायला पुंगळी माझ्या हातात नव्हती.
पण मला आठवत होतं. "आहे," म्हटलं.
"मग राहू दे त्यांच्याकडे."

विमान गेलेलं. दुसरं पहाटेचं.
तिकिटाचा फरक सदतीस रियाल.
खुर्चीत बसून मनात भागाकार केला,
शंभर बैशाने एक:
तीनशे सत्तर बार.
बावाने उभ्या जन्मात
तेवढे काढले नसतील.