चुकीचा नंबर

दर मंगळवारी, पहाटेचा दुसरा कोंबडा आरवला की
माझ्या खिशात कुणीतरी पोटुशी असतं.

सिमकार्ड घेतलं न्खोताकोटाच्या बाजारात,
एका टोपली सुक्या उसिपाच्या बदल्यात.
जुना नंबर, कुणाचा तरी.
पहिला मेसेज आला तेव्हा मी जाळं सांधत होतो.
"आई, विसावा आठवडा लागला.
बाळाला लवकरच तुमचा आवाज ऐकू येईल. त्याच्याशी बोला."
मी डायसन काम्वेंडो, नावाडी, वय बावन्न,
दाढीत माशाचे खवले,
इकडेतिकडे पाहिलं
आणि हळूच म्हणालो, "बरं आहे ना?"

मग उलटा फोन लावला.
एक दाबा, दोन दाबा, म्हणाली यंत्रातली बाई.
दोन दाबलं
तर लोहाच्या गोळ्या कशाबरोबर घ्यायच्या ते कळलं.

तेविसाव्या आठवड्यात बाळ मोठ्या आंब्याएवढं झालं.
त्या दिवशी बाजारात आंबा उचलला
तो दोन्ही हातांनी.

सायकलवरून येणाऱ्या लिनेसला दाखवलं सगळं.
तिच्या टॅब्लेटवर तिनं बरंच खालीवर केलं.
"नाव आहे, एस्नार्ट. गावाच्या जागी नुसतं 'किनारा'."
किनारा!
या तळ्याला किनारा म्हणजे
बोटीनं आठवडाभर चाललात तरी सरत नाही.
"हरवला असेल फोन. नाहीतर विकला.
नाहीतर दीरानं विकला. बंद करू?"
मी म्हटलं, थांब.
का म्हटलं, ठाऊक नाही.
तिच्याकडे जाणारी एकच वाट होती
आणि ती माझ्यापाशी येऊन अडली होती.
ती मी कशी मोडू?

अठ्ठाविसावा आठवडा.
"हातपाय, तोंड सुजलं, डोकं ठणकलं,
डोळ्यांपुढे काजवे चमकले
तर वाट पाहू नका."
तो मी सात वेळा वाचला.
माझे हातपाय सुजले नव्हते.
कुणाचे तरी सुजले असतील
आणि ती वाट पाहत असेल.

तेव्हापासून बोटीत मोठ्यानं वाचू लागलो.
बायका पदरात तोंड लपवून,
नव्हे, चितेंजेच्या टोकात तोंड लपवून हसायच्या.
"डायसनला कितवा?"
"चौतिसावा आठवडा," मी सांगायचो, "आणि पाठ धरते."
त्यांनी काय ते ऐकलं, काय सोडलं,
कुणास ठाऊक.

म्वेरा वारा सुटलेल्या एका सकाळी
मागच्या फळीवर एक पोर बसली होती.
सतरा-अठराची. पायात चपला मावत नव्हत्या.
"काजवे दिसतात का गं?" मी विचारलं.
ती काही बोलली नाही,
फक्त डोळ्यांवर हात धरला.

मी वल्हं फिरवलं.
बाजार उत्तरेला, मिशनचा दवाखाना दक्षिणेला,
वारा तोंडावर.
नऊ उतारू, चार टोपल्या ओले मासे,
सगळ्यांच्या शिव्या.
मासे नासले. एका म्हाताऱ्यानं अजून भाडं दिलेलं नाही.
पोर वाचली. मुलगाही.
तिचं नाव एस्नार्ट नव्हतं.
विचारलं होतं मी, ती स्ट्रेचरवर असताना,
नर्स माझ्यावर डाफरली.

चाळिसावा आठवडा गेला.
"अभिनंदन," फोन म्हणाला, कुणालाच न विचारता.
मग क्षयाची लस.
मग सहा आठवड्यांच्या लसी, मांडीत आणि तोंडात.
लसीच्या दिवशी मी बाओबाबखाली उगाच बसतो,
रांगेत रडणाऱ्या पोरांचे चेहरे बघतो.
लिनेस म्हणते, "काका, सावली पुढे सरकली, तुम्हीही सरका."

परवाच्या मंगळवारी आलं:
बाळ आता आधाराशिवाय बसू लागेल.
जमिनीवर काही टोकदार ठेवू नका.

मी गळ उचलले,
छताच्या वाशाला टांगले.