लग नदीची वही

शनिवार. लेमस्टरचा जुना पूल.
प्रॉसरबाई काठावर घड्याळ धरून,
मी गुडघाभर पाण्यात टाचेनं गोटे उकरतोय.
तीन मिनिटं. जाळीत येईल ते आपलं.

पांढऱ्या ट्रेमध्ये
तीन शेपट्यांच्या अळ्या: मागच्या खेपेला चाळीस,
आज अकरा.
बाई पुन्हा मोजतात,
चूक आपलीच निघावी म्हणून.

मग फॉस्फेटची नळी.
थेंब टाकला की पाणी निळं होत जातं,
आणि इथं निळं होणं वाईट.
वरच्या अंगाला कोंबड्यांच्या लांबच लांब शेडा,
त्यांच्यासाठी वहीत रकाना नाही.

निघताना दगडावर काळं काहीतरी.
चाळीस वर्षं शाळेची बस हाकलेल्या बाई
गुडघे टेकून त्याचा वास घेतात, मलाही बोलावतात.
माशाचे खवले, आणि चक्क मोगरा!
"ऑटर," त्या कुजबुजतात. "काल रात्रीचं."

आमच्याकडे ह्याला ऊद म्हणतात.
धुपाटण्यात जळतो तोही ऊदच,
पण ते सांगत बसलो नाही.

ओल्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं:
अळ्या अकरा. निळं, गडद.
ऊद येऊन गेला.

शेवटची ओळ मराठीत.
बाईंनी न विचारता खाली सही केली.