छपाईची चूक

सेलूच्या मोंढ्यामागं, सरकीच्या धुळीत
छापखाना होता. पायाच्या ट्रेडलचा.
मी तिथं एकतीस वर्षं खिळे जुळवले.
उलटं वाचायला शिकलो, सुलटं विसरलो;
अजूनही दुकानाची पाटी
उजवीकडून सुरू करतो.

लग्नसराईत काही खिळे लवकर झिजायचे.
चि. झिजायचा. सौ. कां. झिजायची.
'कुलस्वामिनीच्या कृपेने' हे तर आम्ही
सुतळीनं बांधून अख्खंच ठेवलेलं.
नावं तेवढी बदलायची,
कृपा तीच.

श्री.चा खप मोठा.
श्री.ची बायको मेली तरी श्री.ला
धक्का लागत नसे. तोच खिळा, तोच कप्पा.
सौ.चं तसं नव्हतं.
नवरा गेला की मालक गल्ल्यावरून ओरडायचे,
"लोखंडे, सौ. काढ, गं. भा. टाक."
मी चिमट्यानं काढायचो,
दात काढावा तशी.

गं. भा. म्हणजे गंगा भागीरथी.
एकदा विचारलं होतं, दोन दोन नद्या कशाला?
म्हणाले, पद्धत आहे.
इथली दुधना मार्चात आटती,
पोरं पात्रात क्रिकेट खेळतात,
आणि आमच्या कार्डांवर
दर चौथ्या ओळीत नद्या.

पद्मिनबाई गव्हाणे आल्या त्या भर उन्हात,
जिनिंगची पाळी संपवून, केसांत कापूस.
लेकीचं लग्न. मजकूर
सातवीतल्या भाच्याच्या अक्षरात:
निमंत्रक, पद्मिन मारोती गव्हाणे.
दीर नाही, भाऊबंद नाहीत,
'समस्त गव्हाणे परिवार' नाही.

"नावाआधी काय लावू?"
"काय लावता?"
"सौ. आता लागत नाही. गं. भा. लावतो. नाहीतर श्रीमती."
"मालक होते तवा त्यायच्या नावाआधी काय होतं?"
"श्री."
"आन् मीच आधी गेले असते तर?"
"श्री.च."
"मग माझ्या काही लावू नका. मोकळं ठेवा."
"बाई, मोकळं दिसंल."
"दिसू द्या."

आता हे तुम्हाला ठाऊक नसेल:
खिळ्यांच्या छपाईत मोकळी जागा फुकट मिळत नाही.
तिथंही शिसं घालावं लागतं,
अक्षराहून बुटकं, शाई न लागणारं.
त्याला आम्ही क्वाड म्हणायचो.
नाही घातलं तर ओळ ढासळते.
वरच्या ओळीत व्याही होते, श्री.सकट.
खालच्या ओळीत मी एक क्वाड बसवला,
गं. भा.इतकाच रुंद.
बसवण्याआधी तळहातावर धरून पाहिला.
वजनाला फारसा कमी नव्हता.

दोनशे कार्डं वाटली गेली.
तिसऱ्या दिवशी बाईचे चुलतसासरे आले: छपाईत चूक आहे.
मग हायस्कूलचे गुरुजी, लाल गोल करून: चूक आहे.
मग मुलाचा मामा, मोटारसायकल चालूच ठेवून.
एकानं तर डॉटपेननं त्या जागेत
स्वतःच गं. भा. भरून आणलं होतं,
वळणदार अक्षरात,
आमचं राहिलेलं काम केल्यासारखं.

मालक म्हणाले, "लोखंडे, बावीस वर्षांतली
तुझी पहिली चूक."
मी हो म्हणालो.
का हो म्हणालो, ते अजून कळलेलं नाही.
पगारातून सत्तर रुपये गेले.

रात्री घरी सगळं सांगितलं.
बायको भाकरी थापत होती.
बाई शहाणी आहे का येडी, असलं काही
ती विचारील असं वाटलं होतं.
तिनं विचारलं, "तुमी ती काढलेली सौ.
टाकता कुठं?"

"कुठं म्हणजे? परत कप्प्यात.
पुढच्या बाईसाठी."

तिनं भाकरी उलटली.