डावा दिवा

सकाळी आठला यालो म्हणाला,
"इर्या, तुझी गाडी डोळा मारतेय."
मागच्या जुळ्या खिदळल्या.
म्हटलं, तुलाच मारत असेल. बस आत.
पट्टा लाव.

शाळा बेचाळीस किलोमीटर.
डिसेंबरात इवालोला सूर्य उगवतच नाही,
दुपारी तासभर आभाळ काळंनिळं होतं
मार बसल्यासारखं,
की परत काळोख, बर्फ,
आणि रस्त्याच्या मधोमध रेनडिअर,
ज्यांना हॉर्न म्हणजे काय ते ठाऊक असतं
आणि त्याचं काही वाटत नाही.
समोरच्या ट्रकवाल्याला मी मोटरसायकल वाटले असणार.
उणे बावीसमध्ये कोण काढतं मोटरसायकल?
तरी त्याने दिवे मारले, दोनदा,
आणि बराच कडेला सरकला.

गॅरेजवाला हेइमो म्हणाला, गुरुवारी ये.
आज सोमवार.
मग पंपावरून आणला, एकोणीस युरो, दोनाचा जोड.
सुटा देत नाहीत म्हणे.

शेडमध्ये उणे अकरा.
बॉनेट वर करून दांडी लावली.
उजवा दिवा कसा, वाढलेल्या ताटासारखा समोर;
डावा बॅटरीमागे
भिंतीकडे तोंड करून रुसलेला.
पुस्तकात लिहिलंय: झाकण फिरवा, प्लग ओढा,
स्प्रिंग दाबून सोडवा.
ज्याने लिहिलं त्याला हात नसावेत,
किंवा एकच असावा,
तोही नऊ वर्षांच्या पोराचा.

टॉर्च दातांत, ओठ चिकटतो धातूला.
हातमोजा घातला तर कळत नाही,
काढला तर राहवत नाही.
इथे बोटांनीच बघायचं.
स्प्रिंग तीनदा निसटली.
चौथ्यांदा तिच्या आईचा उद्धार केला
तेव्हा सुटली.

जुना बल्ब कानाशी हलवला.
आत तार, केसाएवढी,
तुटून किणकिणत होती.
एवढ्याशा तारेवर तीन पोरं, बेचाळीस किलोमीटर.

नव्याच्या काचेला बोट लावायचं नाही.
कातडीचं तेल लागलं की तेवढीच जागा तापते,
तडकते.
म्हणजे डोळ्यात तेल घालून बघ म्हणतात
ते या डोळ्याला लागू नाही.
कागदी रुमालात धरला,
धरूनही न धरल्यासारखा,
आणि श्वास रोखून आत सरकवला.
बसला. टिक.
बोटाच्या पेरावरून रक्त येत होतं, थंडीत कळलंच नाही.

गाडी सुरू करून शेडच्या फळ्यांवर उजेड टाकला.
उजवीकडे जुना, पिवळट.
डावीकडे नवा, पांढराफेक,
पाहुण्यांसाठी काढलेल्या चादरीसारखा.
आणि दोघांभोवती खळं,
चंद्राला पडतं तसं.

काच पुसली. आतून. बाहेरून.
काचेवर काही नव्हतं.

मग उजवा डोळा मिटला.
फळ्या गेल्या.
फळ्यांवरचं फावडं, स्की, दोरीचं वेटोळं, सगळं गेलं.
उरलं ताक.

रोवानिएमीच्या इस्पितळाचं पाकीट
साखरेच्या डब्याखाली आहे, तीन आठवडे.
त्यात तारीख आहे, डाव्याची,
आणि गाडी चालवण्याबद्दल एक ओळ
जी मी एकदाच वाचली.
वीस मिनिटांचं काम, म्हणतात.
झाकण, प्लग, स्प्रिंग.

इंजिन चालू ठेवून बसून राहिले.
शेडचं दार उघडंच होतं, बर्फ आत येत होतं.
गाडी दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघत होती.
डोळा मारत होते
ती मी.

हेइमोला फोन लावला.
म्हटलं, दिवा झाला, गुरुवार नको.
पण तुझ्या सुनेकडे टॅक्सीचा परवाना आहे ना अजून?
उद्या आठला तीन पोरं आहेत.
त्यातला एक पुढे बसतो.
त्याला सगळं दिसतं.