रिकामा रकाना

एर्मेलिंडा चिग्वाय कधी शून्य लिहीत नाही.
सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकून
मानेला आलेला बाक आता घरीही सरळ होत नाही.
तिच्या वहीत तारीख, खाडीचा क्रमांक, पाण्याचं तापमान,
आणि पुढे, बहुतेक आठवडे, दोनच शब्द:
दिसली नाही.

मी तेव्हा नवा, सांतियागोहून चिलोए बेटावर आलेला,
बुटांत अजून पाणी न गेलेला.
म्हटलं, बाई, यंत्राला वाक्य कळत नाही,
त्याला आकडा लागतो.
ती म्हणाली, मग शिकव त्याला.

शिकवायला आठवडा लागला असता.
मी एक ओळ लिहिली:
आकडा नसेल तर शून्य धर.
आणि लवकर घरी गेलो.

जी दिसली नाही ती एका पेशीची,
अंगावर चिलखत, कमरेला एक धागा, मागे एक,
दोघी-चौघींची साखळी करून गिरक्या घेत पोहणारी.
शिंपला तिला पाण्यातून गाळून घेतो.
त्याला स्वतःला काही होत नाही,
दुसऱ्याची ठेव सांभाळावी
तसं तो विष सांभाळतो.
शंभर ग्रॅम मांसात ऐंशी मायक्रोग्रॅम, ही आमची वेस.
ती ओलांडली की नाही, ते ठरवायला
शेजारच्या खोलीत रोसामेल
शिंपल्याचा अर्क उंदराला टोचतो,
हातात घड्याळ धरून बसतो,
आणि प्राण जायला लागलेल्या मिनिटांवरून
कोष्टकात विष शोधतो.
त्या दिवशी तो डबा खात नाही.
आम्ही विचारत नाही.

जूनमध्ये वादळ आलं.
बंदर बंद. होडी दोरखंडाला. आठ दिवस.
एर्मेलिंडानं वहीत आठव्या खाडीपुढे
काहीच लिहिलं नाही,
"दिसली नाही" हेसुद्धा नाही,
कारण पाहिलंच नव्हतं.

माझ्या ओळीनं मात्र पाहिलं.
माझी ओळ वादळात गेली, भिजली नाही,
शून्य घेऊन परत आली.
नकाशावर आठवी खाडी हिरवीगार.
कुणीतरी तो छापून
दुकानाच्या दाराला चिकटवला.

एलिएसेर यांकालावेन,
वय एकोणसाठ, जाळी विणणारा,
त्यानं नकाशा पाहिला आणि पातेलंभर शिंपले उकडले.
आधी ओठ बधिर झाले.
मग बोटांची टोकं.
कास्त्रोच्या इस्पितळात तो डॉक्टरणीला म्हणाला,
मी तरंगतोय.
त्यानंतर छाती हलेना.

यावर उतारा नाही.
रसायनं जाणणाऱ्यांनाही सापडलेला नाही.
यंत्रानं त्याच्यासाठी श्वास घ्यायचा
आणि बाकीच्यांनी वाट पाहायची,
शरीर आपलं आपण विष धुऊन टाकेपर्यंत.
अकरा तास मी त्या व्हरांड्यात
यंत्राचे श्वास मोजले.
ते मोजणं मला येत होतं.
पहाटे त्याचा अंगठा हलला.

मी एर्मेलिंडाला सगळं सांगितलं.
ओळ दाखवली, तीच, एका संध्याकाळची.
ती रागावली असती तर बरं झालं असतं.
तिनं खुर्ची सरकवली, म्हणाली, बस.
काचेवर आठव्या खाडीचा थेंब होता.
मी तासभर पाहिलं.
काचेसारखे लांबट जीव, वाळूचा कण, कशाचातरी तुटलेला पाय.
ती नाही.
"आता लिही," ती म्हणाली.
दोन शब्द लिहायला
मला हात दोनदा पुसावा लागला.

आता नकाशावर एक रंग जास्त आहे.
हिरवा, लाल, आणि राखाडी.
कोळी कुरकुरतात.
एलिएसेरच सगळ्यात जास्त.
परवा प्रयोगशाळेच्या दारात उभा राहून ओरडला,
राखाडी म्हणजे काय समजायचं माणसानं?
खायचं की नाही खायचं?

एर्मेलिंडानं डोळा भिंगावरून काढलाही नाही.
राखाडी म्हणजे, एलिएसेर,
आमची होडी गेली नव्हती.