खुंटी क्रमांक तीन

सावळघाट उतरलं की डावीकडे
मातीचा रस्ता फुटतो,
तो दमून बसतो तिथं आमचा खैरपाडा.
एकेचाळीस घरं, एक अंगणवाडी,
आणि पाठीशी डोंगर.
त्याला आम्ही नाव ठेवलं नाही.
थोरल्याला कोण नावानं हाक मारतं?

गेल्या वर्षी नागलीच्या माळावर
गुरांमागे चालता चालता म्हाळसाक्काचा पाय
घोट्यापर्यंत आत गेला.
उंदराचं बीळ असंल, म्हणाली.
उंदीर चाळीस पावलं एका रेघेत खणत नाही.

मग नाशिकहून दोघं जण आले,
भेगेच्या अल्याड-पल्याड बांबूच्या खुंट्या ठोकून गेले,
सहा जोड्या, वर लाल ऑइलपेंटचे आकडे.
मला दिला एक टेप, शिंप्याच्या गळ्यात असतो तसला,
एक दोनशे पानी वही,
आणि हातानं फिरवायचा भोंगा,
कारण मोबाईलला रेंज फक्त मारुतीच्या पारावर, तीही उभं राहिलं तर.
बचत गटाचा हिशेब कौशीकडे,
म्हणून डोंगराचाही कौशीकडे.

रोज सकाळी सात वाजता
कापलेल्या बाटलीतला पाऊस मोजायचा,
मग माळ चढून सहा वेळा वाकायचं.
नऊ जुलै. पाऊस बासष्ट. तीन नंबर, जैसे थे.
दहा जुलै. पाऊस चाळीस. चार नंबरची खुंटी
भिवाच्या शेळीनं उपटली.
अकरा जुलै. तीन नंबर, अर्धा सेंटी.
हा अर्धा सेंटी मी घरी आणला,
भाकरी थापताना तो हातात होता.

बावीसच्या रात्री
नऊला रिकामी केलेली बाटली
साडेबाराला काठोकाठ.
बॅटरी घेऊन वर गेले, पदर दातात धरून.
तीन नंबर, सकाळपासून दोन सेंटी.
वहीच्या पहिल्या पानावर नियम होता:
तीन झाले की भोंगा.
उतरताना उंबराखालच्या झऱ्यावर ओंजळ भरली.
हा झरा आखाडातही नितळ असतो,
त्या रात्री चहासारखा होता.
चहाबद्दल पानावर काही लिहिलेलं नव्हतं.

मी भोंगा फिरवला.
खांदा निखळेस्तोवर फिरवला.

आश्रमशाळेच्या तीन वर्गांत आख्खा पाडा.
सुगंधाचं नऊ दिवसांचं लेकरू टोपलीत,
शेळ्या व्हरांड्यात, म्हाळसाक्का फळ्याला टेकून.
धवळू भोये सगळ्यांत शेवटी आला,
बियाण्याचं गाठोडं डोक्यावर, तोंडात शिव्या.

सकाळी ऊन पडलं.
डोंगर जागच्या जागी,
अंगावर धुकं घेऊन, नुकता उठल्यासारखा.
"कौशे," धवळू म्हणाला,
"त्याला जरा खोकला आला व्हता गं!"
हसले सगळे. मीही हसले, काय करणार.
पोरं मला भोंगामावशी म्हणायला लागली.

वहीत लिहिलं:
तेवीस जुलै. पाऊस एकशे सत्तर. भोंगा वाजवला.
काही झालं नाही.
पेन तिथंच धरून बसले होते बराच वेळ.
काही झालं नाही, हे लिहायला हात धजत नव्हता
आणि खोडायलाही.
पुढच्या वेळी कोण उठणार,
हा हिशेब कुठल्याच रकान्यात बसेना.

चार दिवसांनी, तिन्हीसांजेला,
माळावर बॅटरी हलताना दिसली.
चोर असंल म्हणून कोयता घेऊन गेले.
तीन नंबरपाशी धवळू गुडघ्यावर,
हातात सुंभाची दोरी, दोरीला गाठी.
त्याला आकडे येत नाहीत.
रोज येतो, म्हणाला, तू गेल्यावर.
मुद्दामच तू गेल्यावर.

गाठ एका बोटानं पुढं सरकली होती,
की मागं, त्याला कळेना.
"ओली दोरी आखडते गं," तो पुटपुटला,
"तुझा टेप काय म्हणतो?"

मी कमरेचा टेप सोडला.
खालून कुणाच्या तरी चुलीचा धूर येत होता.
"थांब," म्हटलं,
"आधी बॅटरी नीट धर."